हिवाळ्याची रात्र आणि घरचें पुस्तक

नाताळची सुटी जवळ आली कीं सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हमखास निघतो : या थंडीच्या दिवसांत वाचावयास चांगलें असें काय आणावें ? मोठ्यांना चर्चेचे जड ग्रंथ नको असतात, मुलांना शाळेची आठवण करून देणारें कांहीं नको असतें, आणि घरांतल्या वडीलधाऱ्या मंडळींना बारीक टाइप सोसत नाहीं. पांघरूण अंगावर ओढून घ्यावें, चहाचा पेला जवळ असावा आणि हातांत मनाला ऊब देणारें एखादें पुस्तक असावें, एवढीच सर्वांची माफक अपेक्षा असते. मग ग्रंथालयाच्या कपाटांपुढें उभें राहून अशीं पुस्तकें कोणतीं याची शोधाशोध सुरू होते.

ही ऊब पुस्तकांत नेमकी कोठून येते ? याचा उलगडा व्हावयाचा असेल तर ज्या देशांत थंडी आणि अंधार यांच्याशींच माणसाला संसार करावा लागतो, अशा एखाद्या देशाकडे पाहावें. असा एक देश म्हणजे आइसलंड.

आइसलंड हें उत्तर अटलांटिक महासागरांतील एक बेट. त्याची राजधानी रेक्याविक ही सुमारें ६४ उत्तर अक्षांशावर वसलेली आहे. डिसेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत तेथें सकाळीं अकरा वाजून गेल्यावर सूर्य उगवतो आणि दुपारीं साडेतीनच्या सुमारास मावळतो. चार तासांचा दिवस आणि वीस तासांची रात्र ! साऱ्या देशाची लोकसंख्या सुमारें चार लाख. आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराची असते तेवढी. परंतु एवढ्याशा लोकांची स्वतःची भाषा आहे, त्या भाषेंत शेंकडों वर्षांचें अखंड वाङ्मय आहे, आणि १९५५ सालचें वाङ्मयाचें नोबेल पारितोषिक त्या भाषेंत लिहिणाऱ्या हालदोर लाक्सनेस या कादंबरीकारास मिळालें आहे.

या देशांत वर्षाचीं बहुतेक नवीं पुस्तकें सप्टेंबर ते डिसेंबर या चार महिन्यांत बाहेर पडतात. तेथील लोकांनीं या हंगामास ‘योलाबोकाफ्लोद’ असें नांव ठेविलें आहे. त्याचा अर्थ ‘नाताळांतला पुस्तकांचा पूर’. २४ डिसेंबरच्या संध्याकाळीं घरोघर भेटीच्या पुड्या उघडल्या जातात, आणि त्यांत एखादें तरी पुस्तक असावें असा संकेत आहे. त्या रात्रीं सारें राष्ट्र बिछान्यांत शिरून पहाटेपर्यंत वाचीत असतें, असें जें वर्णन परदेशांत अलीकडे प्रसिद्ध झालें आहे, तें थोडें रंगविलेलें आहे. पण मूळ गोष्ट खरी आहे.

या चालीचें आजचें स्वरूप दुसऱ्या महायुद्धांत घडलें. मे १९४० मध्यें ब्रिटिश फौजा आइसलंडांत उतरल्या, आणि पुढच्या वर्षीं अमेरिकन फौजा आल्या. त्यांच्या छावण्यांमुळें लोकांस काम मिळालें व हातांत पैसा खेळूं लागला. परंतु परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध असल्यामुळें नाताळांत भेट देण्याजोग्या वस्तु बाजारांत फारशा नव्हत्या. कागदावरील निर्बंध त्या मानानें सैल होते. तेव्हां देशांतच छापलेलें, देशभाषेंतलें पुस्तक हीच सर्वांत सुलभ आणि शोभिवंत भेट ठरली. १७ जून १९४४ रोजीं आइसलंड डेन्मार्कच्या राजसत्तेपासून वेगळें होऊन प्रजासत्ताक बनलें. त्याच वर्षीं तेथील पुस्तक-व्यावसायिकांनीं नव्या पुस्तकांची एक सामाईक सूची काढण्यास आरंभ केला. ती सूची पुढें अनेक दशकें दर हिवाळ्यांत घरोघर फुकट पोंचत असे.

मात्र नुसत्या कागदाच्या सुलभतेनें कोणी वाचूं लागत नाहीं. कागद मिळाला म्हणून पुस्तकें निघालीं. परंतु तीं वाचणारीं माणसें त्यापूर्वींच शेंकडों वर्षें तयार होत होतीं. तीं कशीं तयार झालीं, हें पाहावयाचें तर जुन्या काळच्या आइसलंडी शेतकऱ्याच्या घरांत शिरावें लागतें.

त्या देशांत झाडी फार थोडी. इमारती लाकूड समुद्रांतून वाहून येईल किंवा परदेशांतून आणवेल तेवढेंच. म्हणून घराच्या भिंती व छप्पर हीं गवताच्या मुळांसकट कापून काढलेल्या मातीच्या ढेकळांचीं करीत. घरांत ‘बाद्‌स्तोफा’ नांवाची एक लांबट खोली असे. तिच्या दोन्ही बाजूंस भिंतीला लागून बिछाने असत. त्यांवरच बसावयाचें, त्यांवरच जेवावयाचें आणि त्यांवरच निजावयाचें. घरधनी, घरधनीण, मुलें, म्हातारीं माणसें, गडी, मोलकरणी, सारीं त्या एकाच खोलींत राहत. सरपण दुर्मिळ असल्यामुळें पुष्कळ घरीं या खोलींत विस्तवही नसे. माणसांच्या अंगाची ऊब, आणि कोठें कोठें खालच्या गोठ्यांतल्या गुरांची ऊब, एवढ्यावर हिवाळा काढावयाचा !

दिवस लहान होऊं लागले कीं या खोलींत ‘क्वोल्दवाका’ सुरू होई. क्वोल्दवाका म्हणजे संध्याकाळचें जागरण. दिवा लागला कीं जो तो आपापल्या बिछान्यावर लोकर घेऊन बसे. कोणी ती विंचरी, कोणी पिंजी, कोणी सूत काती, कोणी मोजे विणी. पुरुषही विणावयास बसत. खोलींत मासळीच्या किंवा सीलच्या तेलाचा मिणमिणता दिवा असे, आणि त्या दिव्याजवळची जागा वाचणाराची असे. तो मोठ्यानें वाची आणि बाकीचे ऐकत ऐकत हात चालवीत. कधीं ‘सागा’ म्हणजे पूर्वजांच्या पराक्रमाच्या व भाऊबंदकीच्या गद्य कथा चालत. कधीं ‘रीमुर’ नांवाचीं लांबलचक कथाकाव्यें एका ठराविक चालीवर म्हटलीं जात. शेवटीं धर्मग्रंथांतील एखादा उतारा वाचला जाई, स्तोत्र म्हणत आणि मग दिवा मालवीत. ज्याला कथा चांगली सांगतां येते किंवा रीमुर गातां येतात, असा एखादा वाटसरू दारीं आला तर त्याचें मोठें स्वागत होई ; एक-दोन रात्रींचा मुक्काम आणि जेवण ही त्याची बिदागी. घरांत नसलेली पोथी शेजारच्या मळ्यावरून उसनी आणीत आणि परत देण्यापूर्वीं पुष्कळदां तिची हातानें नक्कल करून ठेवीत. छापखाना येऊन तीन शतकें लोटलीं तरी ही नकला करण्याची चाल तेथें जिवंत होती.

काम आणि वाचन यांची ही सांगड इतकी पक्की होती कीं ती मुलांच्या गोष्टींतही उतरली. नाताळपूर्वीं लोकरीचें काम उरकलें पाहिजे, असा दंडक असे. ज्याला नाताळांत एकही नवें वस्त्र मिळत नाहीं त्याला नाताळची प्रचंड मांजर गट्ट करते, अशी भीति मुलांना घालीत. योहान्नेस उर् कोत्लुम या कवीनें ही मांजर, आणि डोंगरांतून एकामागून एक उतरणारे तेरा खट्याळ नाताळबुवा, यांच्यावर रचलेल्या कवितांचें एक छोटेंसें पुस्तक १९३२ सालीं काढलें. ‘नाताळ येत आहे’ अशा अर्थाच्या नांवाचें तें पुस्तक अजूनही पुन्हां पुन्हां छापलें जातें आणि घरोघरीं मुलांना वाचून दाखविलें जातें. नाताळची आणखी एक जुनी भेट म्हणजे प्रत्येक मुलाला एक मेणबत्ती. एरवीं साऱ्या घराला मिळून मोजका उजेड. त्या एका रात्रीं प्रत्येकाच्या हातांत स्वतःचा उजेड! विजेच्या बटणाशीं वाढलेल्या मुलांना त्या मेणबत्तीचें मोल सांगूनही पटावयाचें नाहीं.

आतां या रात्रीं जें वाचलें जाई तें स्वभावतः ऊबदार होतें काय ? मुळींच नाहीं. ‘ग्रेत्तिर’ नांवाच्या वीराची सागा ही हिवाळ्यांत आवडीनें ऐकण्यासारखी कथा. त्या कथेंत ग्लाम नांवाचा एक आडदांड मेंढपाळ आहे. नाताळच्या आदल्या दिवशीं उपास पाळावयाची चाल. पण हा घरधनिणीला धमकावून जेवण मागून घेतो, भर वादळांत मेंढ्यांमागें जातो आणि मरून पडतो. नंतर तो भूत होऊन त्या खोऱ्याला छळूं लागतो. रात्रीं घराच्या छपरावर बसून टांचा मारतो, गुरें मारतो, माणसें पळवून लावतो. ग्रेत्तिर त्या घरीं मुक्काम करून ग्लामाची वाट पाहतो. दोघांची झुंज होते, घर मोडकळीस येतें, आणि शेवटीं ग्रेत्तिर जिंकतो. परंतु चंद्रप्रकाशांत दिसलेले ग्लामाचे डोळे आणि त्याचा शाप हीं त्याला जन्मभर सोडीत नाहींत. तो महाबलाढ्य पुरुष त्या दिवसापासून अंधारांत एकटा राहावयास भिऊं लागतो.

ही गोष्ट कोठें ऐकली जात होती, याचा क्षणभर विचार करावा. बाहेर तेंच वादळ, तोच वीस तासांचा अंधार. आणि डोक्यावर तसेंच छप्पर, ज्यावर ग्लाम टांचा मारी. आंत मात्र दहा-बारा माणसें खांद्याला खांदा लावून बसलेलीं, चरख्याचा आवाज चाललेला आणि एका परिचित कंठांतून ती भीति बाहेर येत असलेली. एकट्या ग्रेत्तिराला जो अंधार सोसला नाहीं, तो या मंडळींना एकत्र बसल्यामुळें सोसतां आला. म्हणजे ऊब होती ती बैठकींत. पुस्तक तिचें निमित्त होतें, आणि पुस्तकाची कथा जितकी थंड आणि काळोखी, तितकी ती खोली अधिक उबेची वाटे.

या बैठकीनें केवळ करमणूक केली असती तर तिच्याविषयीं एवढें सांगण्याचें कारण नव्हतें. तिनें एका भाषेचा जीव वांचविला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस आइसलंड डेन्मार्कच्या राजाच्या अमलाखालीं गेलें. नॉर्वेही त्याच अमलाखालीं होतें, आणि तेथील लिखाणाची भाषा हळूहळू डॅनिश बनली. आइसलंडांत तसें झालें नाहीं. ओद्दुर गोत्स्काल्क्सन यानें केलेलें ‘नव्या करारा’चें आइसलंडी भाषांतर १५४० सालीं छापून निघालें. त्यानें हें काम थंडीपासून बचाव म्हणून गोठ्यांत बसून केलें, अशी परंपरागत कथा आहे. १५८४ सालीं संपूर्ण बायबल देशभाषेंत छापलें गेलें. त्यामुळें देवळांत देशभाषा राहिली, आणि क्वोल्दवाकेमुळें ती घरांत राहिली.

त्या काळांत या लोकांवर काय गुदरलें हें ध्यानीं घेतलें म्हणजे या गोष्टीचें महत्त्व कळतें. १७०३ सालीं तेथें माणशीं नांवनिशीवार खानेसुमारी झाली, तेव्हां लोकसंख्या अवघी ५०,३५८ भरली. १७८३ सालीं लाकी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. गवत विषारी झालें, मेंढ्या-गुरें मेलीं, दुष्काळ पडला, आणि सुमारें एकपंचमांश माणसें दगावलीं. इतक्या थोड्या, इतक्या गरीब आणि इतक्या विखुरलेल्या लोकांची भाषा टिकेल असें कोणत्या शहाण्यानें सांगितलें असतें ? खेडोपाडीं शाळा नव्हत्या. मुलें वाचावयास शिकलीं तीं बहुतेक त्या एका खोलींत, आईच्या नाहीं तर आजीच्या मांडीशीं. १७४६ सालच्या एका राजाज्ञेनें घरोघर धर्मग्रंथांचें वाचन करण्याविषयीं ताकीद दिली, आणि निरर्थक कथा व रीमुर यांपासून लोकांस परावृत्त करावें असेंही फर्माविलें. आज्ञेचा पहिला भाग लोकांनीं मानला. दुसरा भाग कागदावर राहिला ; सागा आणि रीमुर चालूच राहिले.

मूळ हस्तलिखितांची कहाणीही अशीच आहे. तीं वासरांच्या कमावलेल्या कातड्यावर लिहिलेलीं असत. चौदाव्या शतकांतील एका थोर पोथीला शंभराहून अधिक वासरांचीं कातडीं लागलेलीं आहेत. हलाखीच्या दिवसांत अशा जुन्या पानांचे कपड्यांचे बेतही कापले गेले. अर्नी माग्नुस्सोन या विद्वानानें १७०२ ते १७१२ या दहा वर्षांत सरकारी कामानिमित्त देशभर फिरत असतां मिळतील तीं पानें गोळा केलीं आणि कोपनहेगन येथें नेलीं. १७२८ सालच्या तेथील भयंकर आगींत त्याचीं छापील पुस्तकें बहुतेक जळालीं. हस्तलिखितें पुष्कळशीं वांचलीं. २१ एप्रिल १९७१ रोजीं त्यांतील पहिल्या पोथ्या डॅनिश जहाजानें रेक्याविकला परत आल्या, तेव्हां बंदरावर लोकांची प्रचंड गर्दी लोटली होती. राजे किंवा सेनापति यांच्या स्वागतासाठीं जमलेली गर्दी जगानें पुष्कळदां पाहिली आहे. दोन जुन्या पोथ्यांसाठीं जमलेली गर्दी विरळाच!

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून क्वोल्दवाका मोडत गेली. घासलेटचे दिवे आले, त्यामुळें एका उजेडाभोंवतीं बसण्याची गरज उरली नाहीं. लोकरीच्या गिरण्या निघाल्या. माणसें शहरांत गेलीं आणि घरांत वेगवेगळ्या खोल्या झाल्या. प्रत्येकास दिवा मिळाला, आणि प्रत्येकजण एकटा वाचूं लागला. १९३० च्या डिसेंबरांत तेथें नभोवाणी सुरू झाली. तिनें त्या वाचणाराची रिकामी जागा कांहीं अंशीं भरून काढली. हालग्रीमुर पेतुर्स्सोन या सतराव्या शतकांतील कवीचीं पन्नास स्तोत्रें ईस्टरपूर्वींच्या उपासकाळांत रोज एक याप्रमाणें नभोवाणीवरून वाचण्याचा परिपाठ १९४४ सालीं सुरू झाला, आणि तो पुढें चालत आला आहे.

आज या भाषेपुढें नवें संकट आहे. आइसलंडी मुलांचें खेळणें आणि पाहणें पुष्कळसें इंग्रजी पडद्यावर चालतें. चार लाखांच्या भाषेंत पुस्तक काढणें व्यापाराच्या हिशेबानें आंतबट्ट्याचें. म्हणून २०१९ पासून तेथील सरकार आइसलंडी पुस्तकाच्या प्रकाशनखर्चाचा चौथा हिस्सा प्रकाशकास परत देऊं लागलें. परंतु सरकार खर्च परत देऊं शकतें, वाचणारा देऊं शकत नाहीं. तो घरांतच तयार व्हावा लागतो.

अशा घरासाठीं एकच पुस्तक निवडावयाचें झालें तर गुन्नार गुन्नार्सोन यांच्या ‘आद्वेंता’ या लहानशा कथेकडे बोट दाखवावें लागेल. ती १९३६ सालीं प्रथम जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाली, आणि तिचा इंग्रजी अनुवाद उपलब्ध आहे. बेनेदिक्त नांवाचा एक वयस्क शेतगडी दर वर्षीं नाताळच्या अगोदर, आपला कुत्रा आणि एक मेंढा यांना बरोबर घेऊन, बर्फाळ डोंगरांत जातो. शरदांत मेंढ्या खालीं आणतांना ज्या चुकून मागें राहिल्या, त्या शोधून आणावयाच्या हा त्याचा नेम. त्या मेंढ्या त्याच्या स्वतःच्याही नाहींत. या खेपेस वाटेंत लोक त्याला आपापल्या कामासाठीं अडवितात, त्याची शिदोरी संपत येते आणि वादळ गांठतें. कथा एवढीच. सबंध पुस्तकांत बर्फ, वारा आणि काळोख यांखेरीज फारसें कांहीं नाहीं. तरी तें मिटून ठेवतांना अंगांत ऊब आल्यासारखें वाटतें, कारण तिघे सोबती एकमेकांना सोडीत नाहींत. लेखकानें १९३९ सालीं परत येऊन आइसलंडच्या पूर्वभागांत जें घर बांधलें, तेथें नाताळपूर्वीं हें पुस्तक दर वर्षीं मोठ्यानें वाचलें जातें.

हें सारें परकें वाटण्याचें कारण नाहीं. ज्या दहा वर्षांत अर्नी माग्नुस्सोन कातड्याचीं पानें गोळा करीत हिंडत होता, नेमक्या त्याच काळांत महाराष्ट्रांत श्रीधरस्वामींचे ‘हरिविजय’, ‘रामविजय’ आणि ‘पांडवप्रताप’ हे ग्रंथ तयार झाले. पहिला १७०२ सालीं, शेवटला १७१२ सालीं. ते ग्रंथ ज्यांनीं घरोघर जिवंत ठेविले त्यांतील कित्येकांना अक्षरओळख नव्हती. एकजण पोथी वाची. बाकीचीं माणसें वाती वळीत, शेंगा फोडीत, नातवंडाला मांडीवर थोपटीत ऐकत. आपल्याकडील ही क्वोल्दवाकाच होती. ऋतु मात्र पावसाळ्याचा आणि महिना श्रावणाचा. पुढें १९०९ सालीं काशीनाथ रघुनाथ मित्र यांनीं ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि सणांत नवें वाङ्मय घरीं आणण्याची चाल मराठी माणसानें आपलीशी केली. हा आपला पुस्तकांचा पूर. दिवाळीला आणलेले अंक नाताळपर्यंत घरांत हातोहात फिरत असतात.

उणीव आहे ती एवढीच कीं, ते हातांतून हातांत फिरतात, पण कंठांतून कानांत जात नाहींत. वडील एका खोलींत वाचतात, मुलगी दुसऱ्या खोलींत, आणि आजीचे डोळे अधू म्हणून तिच्या वांट्याला कांहींच येत नाहीं. या सुटींत कोणतें पुस्तक आणावें, याचें उत्तर म्हणूनच फारसें अवघड नाहीं. मोठ्यानें वाचतां येईल असें कोणतेंही चांगलें पुस्तक आणावें. रात्रींचीं जेवणें झाल्यावर अर्धा तास, एकानें वाचावें. बाकीच्यांनीं हातांत मटार सोलावयास घ्यावे, कोणी बटण लावावें, कोणी नुसतें पांघरूण घेऊन बसावें. दुसऱ्या रात्रीं वाचणारा बदलावा. मुलाचा उच्चार चुकला तर हंसूं नये, हळूच सुधारावा. वाचणाराची पाळी एक रात्र आजीलाही द्यावी. तिला पुस्तक लागणार नाहीं.